रत्नागिरीचा जावई आणि दारणेची होडी

माझा जन्म रत्नागिरीचा, आणि मला पोहता येत नाही. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे, हे पहिल्या दिवाळसणाला नाशिकला जाईपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!

चूक माझीच. लग्नाच्या नव्या नवलाईत मी कमलला, म्हणजे आमच्या कुटुंबाला, सांगून बसलो होतो की भर समुद्रात शिडाची होडी मी एकटा हाकतो. (खरं म्हणजे साधी खाडी ओलांडतानाही मी डोळे मिटून रामरक्षा म्हणत असे.) तिनं ते माहेरी जाऊन कौतुकानं सांगितलं. झालं! माझा मेहुणा बंडू आणि त्याचे दोन दोस्त घोटीजवळ दारणा धरणावर जाऊन एक शिडाची होडी भाड्यानं ठरवूनच आले. होडी एका गोऱ्या इंजिनीअरची. साहेब विलायतेला गेला, की त्याचा खानसामा ती परस्पर भाड्यानं देई.

निघताना सासऱ्यांनी बंडूला दारातच दम भरला, "दिवाळसण आहे. जावईबापूंचा शब्द खाली पडता कामा नये. ते म्हणतील ते, आणि म्हणतील तसं!"

धरणावर खानसाम्यानं विचारलं, "चलानेवाला कौन?"

"हे काय, आमचे भावोजी! रत्नागिरीचे!" बंडू छाती फुगवून म्हणाला.

खानसाम्यानं मला चक्क सलाम ठोकला! आता खरं सांगायचं तरी कसं? कमल अशी कौतुकभरल्या डोळ्यांनी बघत होती, की बुडालो तरी बेहत्तर, पण हिच्यासमोर नाक कापून घ्यायचं नाही, असं ठरवून मी सुकाणू धरलं.

शीड दोस्तांनीच कसंबसं चढवलं. त्यात वारा भरला मात्र, होडी अशी उधळली, की माझी टोपी जागच्या जागी धरणार्पण!

"भावोजी, कुठं चाललोय आपण?"

"ही नेईल तिकडे!" मी म्हणालो. (त्या दिवशी खरं बोललो ते एवढंच.)

इतक्यात होडी माझ्या बाजूला कलली. बोटांना पाणी लागलं! वरच्या कडेला चौघं मजेत बसलेले, आणि खाली पाण्याच्या तोंडाशी मी एकटा! एकट्यानं मरायची माझी अजिबात तयारी नव्हती. मी बोंब ठोकली, "सगळे इकडे या! माझ्याकडे!"

एक दोस्त चाचरला, "अरे, पण सगळेच तिकडे गेलो तर..."

"चूप!" बंडू गरजला. "भावोजींचा शब्द आहे!"

आणि आले की हो! चौघंही आले, फराळाच्या डब्यासकट!

होडी पालथी झाली. चकल्या तरंगल्या, लाडू तळाला गेले, आणि लाडवांच्या मागोमाग मी. बंडू आणि दोस्त पालथ्या होडीला लटकले. मला कुणीतरी शेंडी धरून वर खेचलं. बघतो तो कमल! काष्टा मारलेल्या नऊवारीत सुसरीसारखी सपासप पोहत होती! गोदावरीत डुंबत वाढलेली पोर ती. मला मेल्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं मला काठावर आणून टाकलं.

"अहो," ती डोळे विस्फारून म्हणाली, "तुम्हांला पोहता येत नाही?"

मी पोटातलं अर्धं धरण ओकलो आणि म्हणालो, "येतं की! पण आम्हांला सवय खाऱ्या पाण्याची. हे गोडं पाणी आमच्या अंगाला मानवत नाही."

कमल पदर पिळू लागली. सुटलो, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाडवा. कमलनं मला पाटावर बसवून तेल लावलं, उटणं चोळलं, आणि घंगाळातल्या कढत पाण्याचा पहिला तांब्या डोक्यावर ओतला. मी किंचाळलोच! डोळ्यांत आग, खरचटलेल्या कोपरांत आग, आणि तोंडात गेलेलं पाणी खारट ढाण!

"अगो, हे काय?"

दाराआडून सासूबाईंचा काळजीचा आवाज आला, "मीठ घातलंय हो पाण्यात. जावईबापूंना गोडं पाणी मानवत नाही, असं कमल म्हणाली."

मी कमलकडे पाहिलं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि खांदे गदागदा हलत होते. "कमी पडलंय का हो?" तिनं कसंबसं विचारलं.

"नाही, नाही," मी म्हणालो, "अगदी घरच्यासारखं आहे!"

मुक्काम हलेपर्यंत रोज त्याच पाण्यानं आंघोळ केली. आणि निघताना सासूबाईंनी शिदोरीसोबत मिठाची चांगली मोठी पुरचुंडी दिली, वाटेत तोंड धुवायला! नाशिकहून रत्नागिरीला मीठ घेऊन जाणारा जावई, माझ्या माहितीत तरी, मी एकटाच.