नवख्यांचे धम्मपाल सर

आज वर्ष झालं, मी एकही मूर्ख प्रश्न विचारलेला नाही.

धम्मपाल सर गेल्या वर्षी याच दिवशी गेले. भोकरला, घरी. हार्ट अटॅक.
मला दुसऱ्या दिवशी कळलं.

लातूरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही दोघं शिकवायचो. दुष्काळात रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात पोरं गावी निघून गेली आणि दुपारच्या बॅच बंद पडल्या.

सर तेव्हा शहर वसवायचा एक गेम खेळत बसायचे. रस्ते, वीज, गटारं, कर, सगळं आपणच बघायचं. भयंकर किचकट प्रकरण.
शिकायचं तर सगळे व्हिडिओ इंग्रजीत. बोलणारेही असे सुसाट, की जणू त्यांची बस सुटतेय.

सर म्हणाले, "आपल्या पोरांसाठी मराठीत यूट्यूब चॅनेल करू."

पण माईक चालू केला की सरांची बोबडी वळायची.
"मॅडम, भिताडाशी बोलल्यावानी वाटायलंय. तुम्ही बाजूला बसा. तुम्ही इचारा, मी सांगतो."

अशी मी नवखी झाले. खरंच काही येत नव्हतं म्हणा.

पहिल्याच भागात मी सगळे पैसे पाण्याच्या टाक्यांवर घातले. रस्ता नाही, घर नाही, नुसत्या टाक्या. शहराचं दिवाळं.

"मॅडम, काय करायलात? नदी हाय की बाजूला."
"आटली तर?"
"गेममधली न्हाई आटत."
"कशावरून?"


माझ्या घरी तेव्हा ड्रम, घागरी, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवलेला असायचा. सरांच्या खोलीवरही तेच.

त्या व्हिडिओखाली औशाच्या, उमरीच्या पोरांच्या कमेंट आल्या. सगळ्यांनी आधी टाक्याच बांधल्या होत्या.
सर पोट धरून हसले. मग त्यांनी खास एक भाग केला. आधी रस्ता, मग पाणी, आणि घाबरायचं न्हाई.

हळूहळू मला गेम येऊ लागला. सरांपेक्षा बरा.
तरी मी विचारत राहिले. "सर, हे लाल काय दिसतंय?"
मला माहीत असायचं. मला माहीत आहे हे सरांनाही माहीत होतं. पण सांगताना ते इतके खुलायचे, की न विचारणं जिवावर यायचं.
आणि खरं सांगू? अख्ख्या दिवसात माझ्याशी तेवढं दुसरं कुणी बोलत नव्हतं.

मेट्रोचा भाग राहूनच गेला. पोरं अजून मागतात.
परवा दुपारी माईक लावून बसले. सगळं येतं मला. पण विचारायला कुणी नाही म्हटल्यावर पहिलं वाक्यच सुचेना. बंद केलं.

मग कमेंटमध्येच उत्तरं लिहायला घेतली. चॅनेलचं लॉगिन माझ्याकडे आहे, वर नाव अजून सरांचंच.
निलंग्याच्या एका मुलीने विचारलं होतं, माझ्या चौकात गाड्या का तुंबतात? मी तिला सावकाश, नीट समजावून लिहिलं.

लगेच तिचा रिप्लाय आला.
"थँक्यू सर. तुम्ही लई सोपं करून सांगता."

मी दुरुस्त केलं नाही.
तेवढा वेळ तुम्ही होतात, सर.

जयभीम.