बाटलीवरचं नाव

डोक्यावर पाणी ओतण्याआधी मावशी दोन थेंब स्वतःच्या मनगटावर घ्यायच्या, जिभेनं चाखायच्या आणि मग म्हणायच्या, "डोळे मिटा मॅडम. आंबट हाय."

मी डोळे मिटले की जांभळाच्या सिरक्याचं, म्हणजे व्हिनेगरचं, पाणी टाळूवरून मानेकडे ओघळायचं. आधी नाकात झणका, मग गारवा. मागून त्यांची बोटं यायची. खिचडी ढवळावी तशी ती तळापासून फिरायची, घाई न करता. खिचडी ढवळणं हाच तर त्यांचा धंदा होता. आमच्या शाळेत त्या पोषण आहार शिजवायच्या. मी त्यांना मावशी म्हणत असे. गाव त्यांना 'खिचडीवाली' म्हणायचं.

मोहाडी तालुक्यातल्या त्या गावी माझी बदली झाली तेव्हा बाळंत होऊन मला सहा महिने झाले होते. नवरा नोकरीनिमित्त बाहेरगावी, मी आणि बाळ एका काकूंच्या घरी भाड्याच्या खोलीत. गावातलं बोअरचं पाणी इतकं जड की महिन्याभरात बादलीला पांढरा थर चढायचा. त्यात माझे केस गळत होते. हजेरी घ्यायला वही उघडली की पानावर माझेच दोन-चार केस पडलेले असायचे. एकदा हात धुताना मावशींनी माझ्या वेणीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, हे केस नोहे. हा काथ्या हाय."

मला खरं तर राग यायला हवा होता. पण हसू आलं. त्या रविवारी मावशी सिरक्याची बाटली घेऊन काकूंच्या अंगणात हजर झाल्या.

ही विद्या त्यांना कोणी शिकवली नव्हती. जांभळाचा सिरका त्यांच्या आईच्या घरी व्हायचा, पोटदुखीसाठी. केसांची गोष्ट त्यांनी स्वतः शोधली. "बोअरच्या पाण्यानं खिचडी शिजवाचा मोठा गंज पांढरा पडे. घासून घासून हात दुखे. एक दिवस उरलेला सिरका टाकला, तं गंज आरशावानी झाला. मंग म्हटलं, गंजाचं पांढरं निघते तं डोक्याचं कायले नाही निघणार?"

जांभळं उतरली की त्या मडकी भरायच्या. वर पांढरं फडकं बांधून मडकी उन्हात. मग दीड-दोन महिने कोणी त्यांना हात लावायचा नाही. वर पातळ साय धरली, वास डोळ्यांपर्यंत पोचला की सिरका झाला. मी मधेच फडकं उचलून बघायला गेले तर माझा हात धरला. "त्याले त्याचं काम करू द्या. आपन पाहून रायलो म्हणून तो लवकर नाही होत."

नियम पक्के होते. आधी शिकेकाईनं केस धुवायचे. मग तांब्याभर पाण्यात दोन चमचे सिरका, तीन-चार मिनिटं थांबायचं, पुन्हा साधं पाणी. आठवड्यातून एकदाच. डोक्यात खरचटलेलं असेल तर त्या आठवड्यात नाही. कोणी म्हटलं, टाका की थोडा जास्त, तर त्या ठाम असायच्या. "हे मीठ नोहे चवीपुरतं टाकाले. मोजूनच टाकाचं."

माझे केस गळायचे थांबले ते सिरक्यामुळे, असं मी म्हणणार नाही. बाळ मोठं झालं, झोप मिळायला लागली, त्यानंही थांबले असतील. पण केस मऊ झाले, फणी अडकेनाशी झाली, हे खरं. आणि बायकांची नजर कशी असते तुम्हाला ठाऊक आहे. महिन्याभरात काकूंच्या अंगणात रविवारी आठ-दहा जणी पाटावर बसायला लागल्या.

एका मुलीला बघायला पाहुणे येणार होते. तिची आई म्हणाली, केस असे चमकव की पाहुण्यांनी नाही म्हणूच नये. मावशी मुलीच्या डोक्यावर पाणी सोडत म्हणाल्या, "केस दाखवजो बाई. पण पहिले तू त्यायचा पोरगा पायजो." अंगण हसलं. आईला हसू आलं नाही.

दुसऱ्या एकीच्या डोक्यावर रुपयाएवढे गोल चट्टे पडले होते. तिनं पदर सरकवून दाखवलं, तशी मावशींनी तांब्या खाली ठेवला. "हे माह्यं काम नोहे. हे अंदरचं हाय. भंडाऱ्याले दवाखान्यात दाखव." ती हात जोडायला लागली. मावशींनी थेंबभर सिरका लावला नाही. पुढचे तीन रविवार "गेली का?" एवढंच विचारत राहिल्या आणि चौथ्या आठवड्यात सुट्टी टाकून स्वतः तिला एसटीत बसवून घेऊन गेल्या. आपल्याला काय येत नाही हे इतकं स्वच्छ ठाऊक असलेली माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

आता त्या अंगणातली दुसरी गोष्ट सांगायला हवी. मला ती दिसायला फार वेळ लागला, किंवा दिसली तरी मी ती पाहिली नाही.

मावशी बौद्ध वस्तीत राहायच्या, निळ्या कमानीपलीकडे. काकूंच्या नळाला त्यांनी हात लावायला घेतला की काकू म्हणायच्या, "तू राहू दे वो, सून भरून देते." इतकं मऊ बोलणं की मी त्याला आदर समजले. पुढे लक्षात आलं की सूनच नेहमी पाणी भरते आणि वरून त्यांच्या तांब्यात ओतते. काकूंचा नातू आमच्याच शाळेत होता, रोज घरून डबा आणायचा. मावशींची बोटं गावभरच्या डोक्यांतून फिरत होती, पण नळाच्या तोटीला लागत नव्हती. माझा चहा मी काकूंच्या स्वयंपाकघरात बसून प्यायचे. मावशींचा चहा अंगणात यायचा, दांडा तुटलेल्या कपात. मी कधी काही बोलले नाही.

काकू बचत गटाच्या अध्यक्ष होत्या. मावशींनी केलेला जांभळाचा सिरका गटातर्फे मोहाडीच्या आठवडी बाजारात ठेवायचं ठरलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून लेबल लिहून झेरॉक्स काढायचं काम माझ्याकडे आलं. मी मावशींना विचारलं, "नाव कोणाचं टाकू?"

त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली.  "माह्यं टाका. पूर्ण टाका, आडनावासहित. सातवीच्या मार्कशीटनंतर माह्यं नाव कुठं छापून नाही आलं."

मी टाकलं. केसांसाठी व लोणच्यासाठी, खाली मोठ्या अक्षरांत त्यांचं नाव. पहिली झेरॉक्स त्यांनी घडी न घालता वहीत घालून घरी नेली.

बाजाराच्या दिवशी मी बाकड्यापाशी उभी होते. ज्या बायका वर्षभर काकूंच्या अंगणात डोकं वाकवून बसल्या होत्या, त्याच आल्या. एकीनं बाटली उचलली, उजेडात धरली, लेबल वाचलं, आडनावापाशी थांबली. "लोणच्यातही चालते म्हणे," ती शेजारणीला म्हणाली, "मंग तं खायची वस्तू हाय." आणि बाटली जागेवर ठेवून दिली. दिवसभर असंच होत राहिलं. मावशी त्या वेळी शाळेत खिचडी शिजवत होत्या.

संध्याकाळी काकू म्हणाल्या, "मॅडम, लेबल बदला. तिचं नाव कायले पायजे? गटाचं टाका. अन् 'शुद्ध' लिहा."

"मावशींना विचारू या का?"

"त्यात काय विचाराचं? माल खपला तं तिचंच भलं हाय."

मी गरम पाण्यात बाटल्या बुडवल्या आणि नखानं लेबलं काढली. ते नाव खरवडून काढण्यात मी किती चपळ होते, ते आता आठवलं की बोटं आखडतात. नवी लेबलं मीच लिहिली. पुढच्या बाजारी बाटल्या दुपारपर्यंत संपल्या.

रविवारी मावशी आल्या तेव्हा खिडकीत एक बाटली राहिलेली होती. त्यांनी ती उचलली आणि मुलं धडा वाचतात तसं बोट ठेवून वाचलं. "जांभळाचा सिरका. घरगुती. शुद्ध." शुद्ध हा शब्द त्यांनी दोनदा वाचला. बाटली फिरवून मागची बाजू पाहिली. तिथं काही नव्हतं.

"अक्षर तुमचंच ना, मॅडम?"

"हो."

"चांगलं हाय."

मग त्यांनी पाट पुढे ओढला. माझे केस धुतले, नेहमीसारखे, तळापासून. फक्त त्या दिवशी डोळे मिटायला सांगितलं नाही. थोडं पाणी माझ्या डोळ्यात गेलं. पुढच्या रविवारपासून त्या अंगणात आल्या नाहीत. शाळेत "नमस्ते मॅडम" म्हणायच्या आणि चुलीकडे वळायच्या.

गटानं मग स्वतः सिरका करायचा घाट घातला. त्यांना वाटलं, जांभळं आहेत, मडकी आहेत, आणखी काय लागतं? मडकी रोज उघडून बघितली, दोन आठवड्यांत हिरवी बुरशी धरली. बाजाराची तारीख जवळ आलेली. काकूंनी किराणा दुकानातून पांढऱ्या व्हिनेगरच्या बाटल्या आणल्या आणि त्यात रंगापुरता जांभळाचा रस घातला. त्या रिकाम्या बाटल्या मागच्या न्हाणीजवळ पडलेल्या मी पाहिल्या होत्या. पाण्यात किती घालायचं हे बाजारातून बाटली घेणाऱ्यांना माहीत नव्हतं, आणि मला माहीत असूनही लेबलवर मी ते लिहिलं नव्हतं. एकीनं तसाच डोक्यावर ओतला. टाळू लालबुंद झाली, कपाळाशी फोड आले. दोन दिवसांनी आणखी एकीचं तसंच.

आणि मग तुम्हाला काय वाटतं, गावाला कोणाचं नाव आठवलं? चांगल्या बाटलीवर जे नाव नको होतं, तेच आता आडनावासहित प्रत्येकाच्या तोंडी होतं. "त्या खिचडीवालीनंच शिकवलं होतं," काकू दारात उभ्या राहून सांगत होत्या.

आठवड्याभरात शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बसली. काकूंचे यजमान समितीत होते. म्हणाले, "जिचा हात लोकायच्या डोक्याले सोसत नाही, तिच्या हातचं लेकरायनं खावं काय?" मावशींना बोलावलं नव्हतं. बाजूच्या खोलीत त्या तांदूळ निवडत होत्या. भिंत पातळ होती.

मी शिक्षक प्रतिनिधी म्हणून बसले होते, इतिवृत्त लिहायला. मी म्हणाले, "पण तो सिरका त्यांचा नव्हता."

 मुख्याध्यापक चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, तुम्ही यांच्याच घरी राहता ना? लहान बाळ आहे तुमचं."

धमकी म्हणावी असं त्यात काही नव्हतं. गावात भाड्याची दुसरी खोली नव्हती, आणि मी शाळेत असताना माझं बाळ काकूंची सून सांभाळायची. मी मान खाली घातली. 'सर्वानुमते' हा शब्द लिहिला, ठराव पूर्ण केला, सह्यांसाठी वही फिरवली. सगळ्यात शेवटी माझी सही.

मावशींनी त्या दिवशीचा स्वयंपाक पूर्ण केला. मुलांना वाढलं. गंज घासून पालथा घातला आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून गेल्या. माझ्या वर्गावरून जाताना आत पाहिलं नाही.

मी कमानीपलीकडे त्यांच्या घरी गेले ती दीड महिन्यांनी. त्याला धैर्य म्हणू नका. तोवर माझी बदली मंजूर झाली होती. दाराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, "करडीले गेली, भावाकडं. रोवण्याचे दिवस हायेत ना."

करडीला विचारत विचारत मी शेतापर्यंत पोचले. धानाच्या बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या वाफ्यात, दहा-बारा बाया ओळीनं वाकून रोपं लावत होत्या. पोटऱ्यांपर्यंत चिखल, डोक्याला फडकी बांधलेली. कोणीतरी म्हणालं, "कोणी मॅडम आल्या वो." त्या सरळ झाल्या. मी बांधावरून म्हणाले, "मावशी, माफी मागायला आले."

त्यांनी हातातल्या जुडीतून एक रोप सोडवलं.

"मी लेखी देते. समितीला, वरच्या ऑफिसला. तो सिरका तुमचा नव्हता, लेबल मी बदललं. देऊ का?"

"द्या ना," त्या म्हणाल्या. "मले कायले पुसता?"

आणि वाकल्या.

अर्ज मी दिला. त्याची शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे. उत्तर आलं नाही. खिचडीसाठी तोवर दुसरी बाई लागली होती. पुढे मी तुमसरला आले. मावशी गावी परतल्या नाहीत, एवढंच कानावर आलं. त्यांचं नाव मी इथेही लिहिलेलं नाही. एकदा त्यांना विचारलं होतं आणि त्यांनी हो म्हटलं होतं, त्याचं मी काय केलं ते तुम्ही वाचलंच.

त्या दिवशी मी बांधावर बराच वेळ थांबले होते. रोवणा लावणाऱ्या बाया पुढे चालत नाहीत, मागे मागे सरकतात. म्हणजे मावशींचं तोंड सारा वेळ माझ्याकडेच होतं, पण खाली, पाण्याकडे. एक रोप लावायचं, एक पाऊल मागे. दर पावलागणिक आमच्यामध्ये हिरव्या रोपांची आणखी एक ओळ उभी राहत होती. बघता बघता त्या दुसऱ्या टोकाच्या बांधाला, धुऱ्याला, टेकल्या, ओळीतल्या बायांबरोबर धुरा ओलांडला आणि पलीकडच्या बांधीत उतरल्या.