एक रविवार आड डोकं दुखायचं

दोन वर्षांपूर्वी मला हे दुखणं लागलं. रविवारी दुपारी डोकं ठणकायचं, पाठोपाठ मळमळ. ताट समोर आलं की उमासे यायचे. सोमवारी सकाळी मात्र तलासरीला शाळेत शिकवायला निघताना मी ठणठणीत. तेही दर रविवारी नाही. कधी एक रविवार आड, कधी दोन सोडून.

आमची बोर्डीला चिकूची वाडी. ती नवरा बघतो. मी नोकरी करते, त्यामुळे घरातली तुंबलेली कामं रविवारी.

"पित्त आहे तुला," सासूबाई म्हणाल्या. "सकाळपासून नुसत्या चहावर असतेस." त्यांनी आल्याचा तुकडा मीठ लावून चघळायला दिला, पडदे ओढले. थोडं बरं वाटलं. मग मी रविवारी चहा सोडला, तर डोकं आणखीच दुखलं. शेजारच्या गुजराती बेन म्हणाल्या, "तमने नजर लागी छे," आणि मीठमोहरी ओवाळून गेल्या. मी डहाणूला जाऊन चष्म्याचा नंबरही बदलून आणला. फरक शून्य.

नवरा हसत म्हणाला, "तुला सोमवार चढतो गं."

तो थट्टेत म्हणाला, पण माझ्या मनात ते घर करून बसलं. मला खरंच शाळा नकोशी झाली होती का? मुलं तर आवडायची. मग दुखतंय ते काय?

शेवटी दोघं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बीपी बघितलं, डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारलं, "दुखायच्या आधी काय करत असता?"

"कपडे धुते."

"कोणाचे?"

"सगळ्यांचे. यांचे वाडीतलेसुद्धा."

डॉक्टर नवऱ्याकडे वळले. "वाडीत औषधाची फवारणी कधी करता?"

"शनिवारी. पंधरा-वीस दिवसांनी."

म्हणजे रविवारच्या धुण्यात फवारणीचे कपडे असायचे. ते कपडे मी गरम पाण्यात भिजवून, बाथरूमचं दार लावून, हातांनी घासत होते.

"तेच कारण असेल असं छातीठोक सांगत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण त्या कपड्यांना हात लावू नका. दुखलं तर अंधारात पडून राहा, घोट घोट पाणी प्या, रिकाम्या पोटी गोळी नको. कधी नव्हे इतकं एकदम दुखलं, मान आखडली, अंधुक दिसलं, तर घरी थांबू नका."

"पण मग मला कसं काही होत नाही?" नवऱ्याने विचारलं.

"होत नाही, की सांगत नाही?"

येताना चिखले गावाजवळ नवऱ्याने बाईक थांबवली. "फवारणीनंतर संध्याकाळी मलाही गरगरतं," तो म्हणाला. "मला वाटायचं, उन्हामुळे." आणि हाच माणूस मला सोमवारावरून चिडवत होता! रागवावं की त्याची काळजी करावी, मला कळेना.

आता तो हातमोजे आणि मास्क घालतो, आपले कपडे वाडीतच वेगळ्या बादलीत धुतो. दोन महिने आम्हा दोघांनाही काही झालं नाही.

मग एका बुधवारी, शाळेत मधल्या सुट्टीत, तसंच डोकं उठलं. तशीच मळमळ. मी घाबरून नवऱ्याला फोन केला. "आज फवारणी केलीत का?"

"नाही गं. का?"

"पुन्हा तसंच डोकं उठलंय," मी सांगितलं. सकाळी नाश्ता केला नव्हता, झोप अपुरी झाली होती, वर्गात ऊन होतं. शिपाईबाईंनी लिंबूपाणी आणून दिलं. तासाभराने उतरलं. नेमकं कशामुळे उठलं, ते मला अजून सांगता येत नाही.