उजवा कौल देणारा विलायती उंदीर

आमच्या तुळजापुरात चिंतामणीला विचारल्याशिवाय कोणी म्हैससुद्धा घेत नसे. देवळातला तो गोल दगड. त्यावर दोन्ही हात ठेवायचे, मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडं फिरला तर हो, डावीकडं फिरला तर नाही. माझे वडील पुजारी, त्यामुळं आमच्या घरात तर चपला घ्यायच्या झाल्या तरी कौल लागायचा.

मी मॅट्रिक झाले आणि उस्मानाबादला मास्तरणीचं ट्रेनिंग घेते म्हणाले. बाबा देवळात जाऊन आले, पागोटं खुंटीला अडकवलं आणि म्हणाले, "डावा दिला." झालं! एका कामाला एकदाच विचारायचं, हा त्यांचा नियम. मी रागानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. ते त्यांच्या लक्षात यायला बरेच दिवस लागले, कारण आधीही आम्ही फारसं बोलत नव्हतोच.

त्याच सुमारास हैद्राबादहून मामा आला. तो जनावरांच्या औषधांच्या प्रयोगशाळेत कामाला होता. त्यानं टोपलीतून एक गिनीपिग आणला. "सुया टोचून मारणार हुते, घेऊन आलो. पोरीचं मन रमंल." मला हवं होतं ट्रेनिंग, आणि मिळाला काय, तर बिनशेपटीचा उंदीर! आई टोपलीत डोकावली. "विलायतंत उंदरं बी खात्यापित्या घरची दिसत्यात," म्हणाली. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, या अटीवर त्याला ओसरीवर जागा मिळाली.

शिकवायला दुसरं कोणी मिळत नव्हतं, म्हणून मी त्यालाच शिकवायला घेतलं. लई भित्रं जनावर. हात पुढं केला की दगड होऊन बसायचं. मग मी त्याच्याकडं पाठ करून निवडणं घेऊन बसू लागले आणि शेजारी मेथीची काडी टाकू लागले. काही दिवसांनी तो काडी हातातून घ्यायला लागला. मग ती नाकासमोर धरून हळूहळू उजवीकडं न्यायची, आणि सोबत हातातली काकणं वाजवायची. पुरती गिरकी घेतली की काडी त्याची. पुढं पुढं नुसती काकणं वाजली तरी तो उजवीकडं फिरायला लागला. डावीकडं फिरायला मी त्याला शिकवलंच नाही. डाव्याचा मला वीट आला होता.

आमच्या ओसरीवर यात्रेकरू उतरत. वाशीकडच्या एका बाईनं त्याला पाहिलं. गणपतीचं वाहन म्हणून तिनं हात जोडले. "लेकाला नोकरी लागंल का?" असं पुटपुटली. तिच्या कोपरापर्यंतच्या काकणांचा खळखळाट झाला आणि आमचा विद्यार्थी उजवीकडं फिरला.

"उजवा दिला गं माय!"

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बाया हजर. म्हैस गाभण राहील का, सून नांदंल का, सगळ्यांना उजवा. मी घसा फोडून सांगत होते, की अगं बायांनो, हा काकणांचा आवाज ऐकून फिरतो. "पुजाऱ्याची पोर असून असं बोलती!" म्हणून मलाच बोल लावला. पुरुषांनी हात जोडले की तो नुसता बघत बसे. त्यावरून तो फक्त बायकांचंच ऐकतो असं ठरलं. काही पुरुष मग बायकोला पुढं घालून यायला लागले. बाबा येता-जाता हे सगळं बघत.

ट्रेनिंगचे अर्ज भरायची मुदत संपत आली. एका दुपारी ओसरीवर कोणी नव्हतं. मी मेथी निवडत होते. बाबा आले, पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि गिनीपिगसमोर मांडी घालून बसले. हात जोडले आणि चांगलं मोठ्यानं विचारलं, "पोरीला उस्मानाबादला धाडू का?"

मेथीवरचे माझे हात थांबले. गिनीपिग बाबांकडं बघत राहिला. फिरणार कसा? बाबांच्या हातात काकणं कुठली! मी मनगट जरासं हलवलं असतं की काम झालं असतं. पण असं फसवून मिळालेलं मला नको होतं. आई उंबऱ्याशी उभी होती. हात पिठाचे, काकणं वर सारलेली. तीही हलली नाही.

बाबांनी माझ्या पुढ्यातल्या मेथीतली एक काडी उचलली. ती त्याच्या नाकासमोर धरली आणि हळूहळू उजवीकडं नेली, अगदी मी नेत होते तशी. गिनीपिगनं गिरकी घेतली. बाबांनी काडी त्याला दिली.

"उजवा दिला," ते म्हणाले.

"आवं, तुमीच तर काडी दाखवली त्याला!" आई म्हणाली.

बाबा म्हणाले, "दगडावर बी हात माझाच हुता. एकटी पोर धाडायची म्हणून हात भ्याला हुता माझा."

माझे डोळे भरून आले, तसा रागही आला, आणि तोंडातून भलतंच निघालं. "बाबा, कपडे कशात नेऊ?"

"माझी ट्रंक ने," ते पागोटं उचलत म्हणाले. "तिला कुलूप हाय."