मामांच्या पायावरची गाठ

आमच्या मामांच्या डाव्या पावलावरच्या गाठीला ज्याने एकही इलाज सुचवला नाही, असा माणूस त्या काळी हसनाबाद आणि आसपासच्या गावांत शोधूनही सापडला नसता. गाठ सुपारीएवढी होती तेव्हापासून मी तिला ओळखतो. पुढे ती लिंबाएवढी झाली आणि तिच्याबरोबर मामांचा गावातला मानही वाढत गेला. मामा ओट्यावर पाय लांब करून बसत. आलेल्या माणसाने आधी गाठ दाबायची, मत द्यायचं, मग चहा. कपाशीचं बियाणं विकायला आलेल्या एका परक्या माणसाने एकदा "मला यातलं काही कळत नाही" असं म्हणण्याचा प्रमाद केला. मामांनी आत मामीला हाक दिली, "चहा ऱ्हाऊ दे गं, पाव्हण्याला जल्दी हाय." चपलेचा पट्टा गाठीवर घासतो म्हणून त्यांनी पट्ट्याला खिडकी पाडून घेतली होती. तिच्यातून गाठ ऐटीत बाहेर बघत असे. लग्नाकार्यात चपला चोरीला जातात ही काळजी सगळ्या मांडवात फक्त मामांनाच नसायची.

इलाजाला ते कोणालाही नाही म्हणत नसत. एकाने रुईचं पान तेल लावून, गरम करून बांधायला सांगितलं, दुसऱ्याने चुना आणि गूळ. दोघे ओट्यावरच हमरीतुमरीवर आले, तेव्हा मामांनी एकाला सकाळ दिली आणि दुसऱ्याला संध्याकाळ. एक निवृत्त मास्तर तर खलबत्त्यातला बत्ता घेऊनच आले. अशी गाठ एका ठोक्यात फुटते, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मामांनी डोळे मिटले, मास्तरांनीही मिटले आणि बत्ता अंगठ्यावर बसला. पुढे कितीतरी दिवस मामा अंगठा धरून विव्हळत होते, पण मास्तरांना त्यांनी बोल लावला नाही. "गुण तर आला की," ते सांगायचे, "गाठ आता बिलकुल दुखून न्हाई राह्यली."

इलाज सगळ्यांचे झाले, राहिला तो फक्त डॉक्टर. "चाकू लागला की गाठ चवताळती," असं मामा म्हणत आणि त्यावर घरात कोणी बोलत नसे. कारण माझ्या आईच्या मानेलाही गाठ होती. वडिलांनी तिचं ऑपरेशन करून घेतलं आणि आई घरी परत आली नाही. ती मामांची थोरली बहीण, त्यांची अक्का. तेव्हापासून मामांनी वडीगोद्रीच्या आमच्या घरात पाऊल टाकलं नाही, की वडिलांशी ते एक शब्द बोलले नाहीत. माझ्यावर मात्र त्यांची माया तशीच होती. सुट्टी लागली की मी हसनाबादला जायचो, गाठ दाबायचो, मत द्यायचो आणि पोटभर लाडू खायचो. पण माझी ही दोन माणसं एकमेकांना पारखी झाली, याचं मला फार वाईट वाटायचं.

शेवटी कुणीतरी बिब्बा सुचवला. बिब्ब्याने कातडी जळाली, पाय सुजला आणि मामा तापाने फणफणले. मी तेव्हा जालन्याला नोकरीला लागलो होतो. मामीचा निरोप येताच गेलो आणि त्यांना जीपमध्ये घालून शहरातल्या दवाखान्यात आणलं. ताप उतरला, जखम भरत आली आणि सर्जन म्हणाले, "आता गाठ काढून टाकू." मामा पांढरे पडले. आपण अक्काच्याच वाटेने निघालो, असं धरून त्यांनी बैल कोणाला द्यायचे ते मामीला सांगितलं आणि तमाम इलाजवाल्यांना नमस्कार कळवला.

गाठीत निघालं चिकट पाणी. साधी, निरुपद्रवी गाठ. साऱ्या पंचक्रोशीने जिच्यावर इतकी वर्षं डोकं चालवलं, ती चहा थंड होईपर्यंत बशीत येऊन पडली.

मामा माझ्या खांद्यावर हात टाकून लंगडत बाहेर आले, तर बाकावर माझे वडील बसलेले. मी त्यांना कळवलं नव्हतं, पण आमच्याकडे आजारपणाची बातमी कळवावी लागत नाही. मामा त्यांच्या शेजारी टेकले.

"दाजी, माझी साधीच निघाली," मामा अखेर म्हणाले. "अक्काची..."

"तिची येगळी होती. डॉक्टर म्हनले, लई उशिरा आणलं."

"उशीर म्या केल्ता," मामा खाली बघत म्हणाले. "मीच लेप आणून देत होतो, मीच चाकूला नको म्हनलो. अन् बोल तुम्हाला लावला."

"ठावं हाय मला," वडील म्हणाले. "पण तू लेप घेऊन येनार म्हनलं की ती सकाळपासून दारात बसायची. मंग मी कसा तुला येऊ नको म्हनू?"

मामा रडायला लागले. डॉक्टरांनी पाय उंच ठेवायला सांगितला होता आणि तिथे स्टूल नव्हतं. वडिलांनी वाकून तो पाय उचलला आणि आपल्या मांडीवर घेतला. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या मांडीवर पाय! मामा तो ओढून घ्यायला धडपडू लागले.

"दाजी, पाप लागंल मला."

"ऱ्हाऊ दे," वडील म्हणाले आणि पट्टीवरून हळूहळू हात फिरवत राहिले.