सार्जंट मॅकराय यांचं पहिलं मत

१९८८ च्या उन्हाळ्यात माझं पोस्टिंग टेक्सासमध्ये अमेरिकन आर्मीच्या एका इंजिनिअर कंपनीत, म्हणजे तुकडीत, झालं. नदीवर तरंगता पूल टाकायचा, रणगाडे आणि ट्रक पलीकडे न्यायचे आणि पूल परत उचलायचा, हे आमचं काम. मी सेकंड लेफ्टनंट होतो, कंपनीतला सगळ्यात नवा ऑफिसर. वझलवार हे आडनाव तिथे कुणालाच म्हणता येत नसे, म्हणून सगळे मला लेफ्टनंट व्ही म्हणत. नागपूरहून आईबाबांबरोबर सांता क्लाराला आलो तेव्हा मी सातवीत होतो. कॉलेजात असताना आम्ही तिघं एकाच दिवशी अमेरिकेचे नागरिक झालो. आमच्या ओळखीतली सगळी मुलं इंजिनिअर नाहीतर डॉक्टर होत होती. मी आर्मीत का गेलो, हे काका-काकू लोक मला अजून विचारतात. तिथे काय मिळालं ते सांगणं मला जास्त सोपं वाटतं.

सगळ्यात नव्या लेफ्टनंटच्या गळ्यात जादा कामं पडतात. कॅप्टननी माझ्यापुढे एक खोका सरकवला. नोव्हेंबरात प्रेसिडेंटची निवडणूक आहे, तू कंपनीचा व्होटिंग ऑफिसर, एवढंच म्हणाले. खोक्यात छापील कार्डं होती. घरापासून लांब असलेल्या सैनिकानं ते एक कार्ड भरून आपल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ऑफिसला पाठवायचं. त्यातच मतदार म्हणून नाव नोंदवलं जातं आणि मतपत्रिका टपालानं पाठवा अशी मागणीही होते. तिकीट लावावं लागत नाही. सोपं काम आहे असं मला वाटलं.

माझ्या प्लाटूनचे सार्जंट होते सार्जंट फर्स्ट क्लास ओटिस मॅकराय. उंच, काळे, कमी बोलणारे. नोकरीची वीस वर्षं होत आली होती. कागदावर मी त्यांचा वरिष्ठ होतो. प्रत्यक्षात ते मला घडवत होते. प्लाटूनमधल्या मुलांनी कार्डं भरली. सार्जंटनी सगळ्यांना रांगेत उभं केलं, पेनं वाटली आणि स्वतः बाजूला थांबले.

"तुमचं कार्ड, सार्जंट?"

"मी कधी मत दिलेलं नाही, सर."

मग मोटर पूलमध्ये, म्हणजे गाड्यांच्या आवारात, ट्रकच्या सावलीत बसून त्यांनी थोडक्यात सांगितलं. त्यांचं घर दक्षिणेतल्या एका लहान काउंटीत. ती काउंटी मी मुद्दाम सांगत नाही, त्यांचे नातेवाईक तिथेच आहेत. लहानपणी आई त्यांना हाताला धरून नाव नोंदवायला काउंटीच्या कोर्टाच्या इमारतीत घेऊन गेली होती. टेबलामागच्या गोऱ्या माणसानं तिला राज्यघटनेतला एक उतारा वाचून समजावायला लावला आणि तुला समजलेलं नाही म्हणून घरी पाठवलं. ती पुन्हा गेली. पुन्हा परत पाठवलं. पुढे कायदा बदलला, अशा परीक्षा बंद झाल्या, तेव्हा ती पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवून आली, आणि तेव्हापासून तिनं एकही मतदान चुकवलं नाही.

"आणि तुम्ही?"

"मी जर्मनीत होतो. मग कोरियात. दर वेळी कुठेतरी असतो. आई फोनवर विचारते, मी विषय बदलतो."

त्यांनी कार्ड घेतलं. एका रकान्यापाशी पेन अडलं. घराचा पत्ता मागितला होता, आणि त्यांच्या घराला नंबरच नव्हता. मी सूचना वाचून पाहिल्या. नंबर नसेल तर घर कुठे आहे त्याचं वर्णन चालत होतं. सार्जंटनी बारीक अक्षरात लिहिलं: चर्चवरून पुढे, कच्च्या रस्त्याला डावीकडे, पाणंद संपते तिथलं पांढरं घर. लिहून झाल्यावर ते बराच वेळ त्या ओळीकडे बघत होते.

ऑगस्टमध्ये कार्ड परत आलं.

मी ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि खिशात ठेवलं. "ठीक आहे, सर. मला माहीत आहे ते कसे असतात," एवढं म्हणून ते कामाला लागले. त्या दिवशी ते कुणावर ओरडलेसुद्धा नाहीत. मुलं मला येऊन विचारू लागली की सार्जंटना बरं नाही का.

मी काउंटीच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडे एक वयस्कर बाई होत्या. तिथल्या क्लार्क. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की अर्ज नाकारलेला नाही. शपथेखाली सही राहिली आहे, ती कमिशन्ड ऑफिसरसमोर व्हायला हवी.

"तुम्ही ऑफिसर आहात ना? मग तुम्हीच शपथ द्या. आम्ही वाट बघतो."

मी मोटर पूलमध्ये गेलो आणि निरोप सांगितला. सार्जंट मॅकराय यांनी हात पुसले, टोपी काढली, उजवा हात वर केला. चारच वर्षांपूर्वी एका न्यायाधीशासमोर मी असाच हात वर केला होता. आता माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, इथेच जन्मलेला माणूस माझ्यासमोर शपथ घेत होता की तो अमेरिकेचा नागरिक आहे. त्यांनी सही केली, खाली मी केली आणि कार्ड त्याच दिवशी टपालात टाकलं.

मतपत्रिका ऑक्टोबरच्या सुरुवातीला आली. सार्जंट सप्लाय रूममध्ये गेले आणि दार लावून घेतलं. बाहेर आले तेव्हा पाकीट बंद होतं. पाकिटावर त्यांनी माझ्यासमोर सही केली, खाली मी साक्षीदाराची केली. मग त्यांनी ऑफिसातून आईला फोन लावला. ते अटेन्शनमध्ये उभे राहून बोलत होते.

"येस, मॅम. पाठवलं. येस, मॅम, आजच."

पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. फोन ठेवल्यावर त्यांनी मला कॉफी आणून दिली. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही नदीवर सरावाला गेलो. वरच्या बाजूला पाऊस झाला होता, पण पाणी नियमाच्या आत होतं. पुलाचे भाग ट्रकवरून पाण्यात सोडले जात होते आणि बोटी ते ढकलत जागेवर आणत होत्या. सकाळी दहाच्या सुमारास प्रवाहातून एक आख्खं झाड वाहत आलं आणि एका बोटीला धडकलं. बोटीवरचा प्रायव्हेट हॉलिस पाण्यात पडला. प्रवाहानं त्याला पुलाच्या तोंडाशी नेलं.

रेडिओवर आवाज आला. "मॅन इन द वॉटर. सेफ्टी बोट, मॅन इन द वॉटर."

सेफ्टी बोट पलीकडच्या काठाला होती. सार्जंट मॅकराय पुलावर होते. त्यांनी उडी मारली. हॉलिसची कॉलर धरून त्यांनी त्याला वर लोटलं आणि आम्ही दोघातिघांनी त्याला ओढून घेतलं. मी वळून हात पुढे केला तेव्हा पाण्यात कुणी नव्हतं. प्रवाहानं त्यांना पुलाखाली ओढलं होतं.

"सेफ्टी वन, कुणी दिसतंय का? ओव्हर."

"निगेटिव्ह."

हेच उत्तर पुन्हा पुन्हा येत राहिलं. दुपारी ते खालच्या वळणावर सापडले. त्यांना ट्रकमध्ये चढवेपर्यंत प्लाटूनमधला एकही जण बसला नाही. हॉलिस ब्लँकेट गुंडाळून उभा होता. त्याला बस म्हणालो, त्यानं मान हलवली.

मी कॅप्टनकडे जाऊन सांगितलं की शवपेटीबरोबर मी जातो. त्यांनी होकार दिला.

चर्चवरून पुढे, कच्च्या रस्त्याला डावीकडे वळून आम्ही पांढऱ्या घरापाशी पोचलो. मिसेस मॅकराय पायरीवर उभ्या होत्या. सत्तरीच्या, लहानखुऱ्या, ताठ. त्यांनी माझा हात धरून आत नेलं, जेवायला बसवलं आणि मगच मुलाबद्दल विचारलं. मी जे पाहिलं ते सगळं सांगितलं. हॉलिस कसा आहे, हे त्यांनी दोनदा विचारलं.

अंत्यविधी सोमवारी झाला. मंगळवारी मतदान. मंगळवारी सकाळी त्या हॅट घालून तयार होत्या. मला कोर्टात घेऊन चल, म्हणाल्या.

फोनवरच्या त्या क्लार्क बाई काउंटरवर होत्या. त्या दोघी एकमेकींना ओळखत होत्या. ओटिसचं मत पोचलं का, असं मिसेस मॅकराय यांनी विचारलं. बाई काउंटरमागून बाहेर आल्या.

"पोचलंय, इडा. वेळेत पोचलंय. पण इथला नियम असा आहे की मतदाराचा मृत्यू मतदानाच्या दिवसाआधी झाला असेल तर पाकीट उघडता येत नाही. ते बाजूला ठेवावं लागतं. मी ते बदलू शकत नाही."

पाकीट बघायला मिळेल का, असं मिसेस मॅकराय यांनी विचारलं. बाईंनी ते आणून दोन्ही हातांनी समोर धरलं. मिसेस मॅकराय यांनी हातमोजा काढला आणि मुलाच्या सहीवरून एक बोट फिरवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत.

"फेकू नका," त्या म्हणाल्या.

"नाही फेकणार."

मग त्या माझ्या दंडाला धरून मतदानाच्या रांगेत उभ्या राहिल्या. रांग मोठी होती. पुढच्या लोकांनी त्यांना जागा देऊ केली, त्यांनी घेतली नाही. मी दाराशी थांबलो. माझं स्वतःचं मत टपालानं केव्हाच सांता क्लाराला गेलं होतं.

परत येताना त्यांनी गाडी चर्चच्या मागे घ्यायला सांगितली. माती अजून ओली होती. मी टोपी काढून चार पावलं मागे उभा राहिलो. त्या त्याच्याशी बोलल्या, घरात बोलतात तशा. रांग केवढी होती ते सांगितलं, कोण कोण भेटलं ते सांगितलं, तुझं पाकीट पाहिलं आणि अक्षर अजून तसंच वाकडं आहे, असंही म्हणाल्या. मत कुणाला दिलं ते मात्र सांगितलं नाही.

"ते गुप्त असतं, बाळा," त्या म्हणाल्या, आणि खाली वाकून मातीवर पडलेली पानं वेचू लागल्या.