आतल्या कॉम्प्युटरला प्रिंटर दिसेना

ऑफिसात प्रिंटर आला की किस्से आपोआप जमतात. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण विसरायचे म्हटले तरी विसरता येत नाहीत. आमच्या नोएडाच्या एका प्रिंटरने तर इतके दिले, की चार मित्र जमले की मलाच बोलायला बसवतात.

तेव्हा नोएडात धडाधड मॉल उघडत होते आणि आम्ही तयार कपडे परदेशी पाठवत होतो. मालाची कागदपत्रं काढायचं आमचं जुनं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालेना. मग पुण्याहून आलेल्या बापटने नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर उभा केला. फक्त पडद्यावर दिसणारा, एका चौकटीत राहणारा. व्हर्च्युअल मशीन! त्याला ऑफिसचा सामायिक प्रिंटर जोडायचा, एवढंच काम उरलं. ते बापटने माझ्या गळ्यात घातलं.

नेमकं तेव्हाच माझं लग्न अडकलं होतं. सुजाता मला फार आवडली होती, मीही तिला पसंत होतो. पण तिचे वडील, दिल्ली कॅन्टोनमेंटमधले सुभेदार जाधव, मूळचे साताऱ्याकडचे. मुलाचं काम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते हो म्हणणार नव्हते.

*

आमचे मालक चड्ढासाहेब. पहिल्याच दिवशी त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं.

"बापट, दूसरा वाला किधर है?"

"सर, इसी के अंदर है."

"अच्छा! जगह नहीं लेता? बिजली अलग से नहीं खाता?"

"नहीं सर."

चड्ढासाहेबांनी सगळ्या ऑफिसवरून नजर फिरवली. "तो यार, इन सबको भी अंदर ही डाल दो!"

*

चड्ढासाहेबांकडे विश्वकर्मा पूजेला प्रत्येक मशीनला टिळा लागायचा. शिलाई मशीन, जनरेटर, कॉम्प्युटर, सगळ्यांना. पंडितजी निघाले तेवढ्यात साहेबांना आठवलं, "अंदर वाला रह गया!"

पंडितजी गोंधळले. बापटने पडद्यावरची चौकट दाखवली. पंडितजींनी मंत्र म्हणत तिच्या बरोब्बर मध्यभागी कुंकू लावलं, वर अक्षता चिकटवल्या. सगळ्यांनी हात जोडले.

मग मी काम करायला ती चौकट लहान करून बाजूला सारली. टिळा होता तिथेच राहिला!

"बाहर वाले को दो बार लग गया," चड्ढासाहेब कळवळून म्हणाले. "अंदर वाला बुरा मान गया होगा. तभी प्रिंटर नहीं पकड़ रहा."

*

प्रिंटर खरंच पकडत नव्हता. 'प्रिंटर सापडत नाही' हा एकच हेका. बाहेरचा कॉम्प्युटर मजेत छापायचा, आतला ढिम्म!

एक दिवस जेवून येतो तर प्रिंटर कोपऱ्यातून उचलून माझ्या टेबलावर ठेवलेला, आणि मॉनिटर वळवून बरोबर त्याच्या तोंडासमोर. शेजारी चड्ढासाहेब.

"अब देखो. अब तो दिखेगा?"

बापट इतका थकला होता, की त्याने खरोखर तपासलं. "नाही सर," तो चक्क मराठीत म्हणाला.

*

अशात सुभेदारांचा फोन आला.

"पाहुणं, सध्या काय काम चाललंय तुमचं?"

मी खरं तेच सांगितलं. "कॉम्प्युटरच्या आत एक कॉम्प्युटर आहे. त्याला प्रिंटर जोडतोय."

"आतला कॉम्प्युटर दिसतो?"

"दिसतो, पण तसा तो नाहीये."

"आणि प्रिंटर?"

"तो आहे, पण त्याला दिसत नाही."

मग ते म्हणाले, "शनिवारी येतो मी."

*

शनिवारी सुभेदार कडक इस्त्रीत आले आणि माझ्या शेजारी ताठ बसले. चड्ढासाहेबांनी समोसे मागवले, सुभेदारांनी हात लावला नाही. "चालू करा," म्हणाले.

मी छापायचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. सुभेदारांनी प्रिंटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लग्न मोडलं, असं मला स्वच्छ दिसलं.

बापट धावत आला आणि इतके दिवस बाहेरच्याच्या आड दडलेल्या आतल्या मशीनला ऑफिसच्या नेटवर्कवर स्वतःची जागा देऊन टाकली. प्रिंटर खाकरला. कागद आला!

टाळ्या थांबायच्या आत दुसरा आला. मग तिसरा. गेले कित्येक दिवस येता-जाता ज्याने त्याने 'बघू तरी' म्हणून बटण दाबलं होतं. ते सगळं आत रांगेत थांबलेलं, आता ओळीने निघालं! कागद टेबलावर, समोशांवर, जमिनीवर.

"रोको! बंद करो!" चड्ढासाहेब ओरडले. मी प्लगकडे झेपावलो.

"हात लावायचा न्हाई," सुभेदार कडाडले. "काम चालू झालंय."

ते उठले. बाह्या वर केल्या. येईल तो कागद झेलायचा, कडा जुळवायच्या, गठ्ठ्यावर ठेवायचा. चड्ढासाहेबांना त्यांनी खाली पडलेले वेचायला लावलं, आणि साहेब मुकाट्याने वेचू लागले.

अचानक प्रिंटर थांबला. लाल दिवा लुकलुकायला लागला. सुभेदारांनी रिकामा ट्रे पाहिला आणि मान वर न करता माझ्याकडे हात पसरला.

"जावईबापू, कागद आणा!"